आधी कोळंब्या, मग मासे

ह्यूस्टन,
रविवार

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार. तुझी यादी मिळाली. निळा टँग, मँडरिन, फ्लेम हॉकफिश, क्लाउनफिश हे मासे, क्लाउनफिशला आसरा देणारा ॲनिमोन हा फुलासारखा दिसणारा प्राणी, शिवाय क्लीनर श्रिम्प ही कोळंबी. उत्साह पाहून बरं वाटलं, पण २०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत ही सगळी मंडळी एकत्र नांदणार नाहीत रे. तू मासे आधी ठरवलेस आणि कोळंब्या-गोगलगायी मागाहून सोडू म्हणतोस. उलट कर. आधी बिनकण्याचे जीव नक्की कर आणि त्यांच्या वाटेला न जाणारे मासेच घे. समुद्रात कोळंबी लांब पळू शकते, काचेच्या टाकीत ती पळणार कुठे?

हॉकफिश खडकावर ऐटीत बसलेला फार देखणा दिसतो, पण कोळंबी हे त्याचं अन्नच. तिने कात टाकली की नवं कवच कडक होईपर्यंत ती मऊ आणि असहाय असते, अशा वेळी तर तिची धडगत नाही. निळा टँग वाढून फूटभर होतो, त्याला तुझी टाकी कोंडवाडाच ठरेल. मँडरिन स्वभावाने गरीब. पण तो दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत असतो, नव्या टाकीत ते पुरेसे नसतात आणि बिचारा डोळ्यांदेखत खंगत जातो. हे तिन्ही खोड. ॲनिमोनही निदान पहिलं वर्ष नको: तो जागा सोडून हिंडतो, वाटेतल्या कोरलना (प्रवाळांना) डंख करतो, आणि पंपात सापडला तर सगळं पाणी नासवतो. क्लाउनफिशचं त्याच्यावाचून काही अडत नाही.

मी सांगतो ती जोडी घे: टायगर पिस्टल श्रिम्प ही कोळंबी आणि यलो वॉचमन गोबी हा मासा. कोळंबीला दिसतं फार कमी. ती वाळूत बीळ खणते, गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. वाळूचा ढीग ढकलत बाहेर आली की तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. जवळ काही आलं की गोबी शेपूट थरथरवतो आणि क्षणात ती आत. फार झालं तर तोही तिच्यामागून बिळात शिरतो. मी तासन् तास बघत बसतो, अजून कंटाळा आलेला नाही. मात्र ती खडकांखालचीही वाळू उपसते, म्हणून खडक वाळूवर ठेवू नकोस. थेट तळाच्या काचेवर टेकव आणि वाळू नंतर पसर, नाहीतर ते ढासळतील.

सुरुवात गोगलगायींपासून कर. हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) हवेच असतील तर दोन-तीनच घे आणि मोठे रिकामे शंख टाकून ठेव, कारण शंखासाठी ते गोगलगायी मारतात. मग क्लीनर श्रिम्प आणि ही जोडी. त्यानंतर एक फायरफिश मासा. तो बुजरा आहे, आधी आला तर त्याला आपली कपार सापडते. क्लाउनफिश सगळ्यांत शेवटी, कारण एकदा जागा धरली की नव्याला हुसकावतात. एक लहान, एक जरा मोठा असे दोन घे, मोठा आपोआप मादी होतो. टाकीतच पैदास झालेले माग. फायरफिश आणि गोबी दोघेही उड्या मारतात, तेव्हा वर जाळी हवीच.

कोळंब्यांना खारटपणातला फरक सोसत नाही. त्या आणलेल्या भांड्यात नळीतून टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत तासभर तरी त्यांना सवय लाव. आणि मासे आजारी पडले तर तांब्याचं औषध या टाकीत चुकूनही घालू नकोस, मासे वाचतील पण कोळंब्या-गोगलगायी मरतील. उपचारासाठी साधी वेगळी टाकी ठेव.

पाण्यातली अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्यं दोन्ही शून्यावर आल्याशिवाय दुकानात जाऊ नकोस. या आठवड्याचे आकडे कळव, सोबत खडकांचा फोटोही पाठव, मग गोगलगायी किती घ्यायच्या ते ठरवू. वहिनींना नमस्कार, आर्याला आशीर्वाद.

तुझा,
अभय