ज्येष्ठ पक्षकारांचे ऐकायला शिकवणाऱ्या वकीलबाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

निवृत्तीनंतरचा आपला वेळ आपण आमच्या विधी महाविद्यालयाच्या विधी साहाय्य केंद्राला दिलात, त्याबद्दल केंद्राची समन्वयक या नात्याने हे जाहीर पत्र लिहीत आहे. आपण विद्यार्थ्यांना जे शिकवलेत, ते इतर महाविद्यालयांनीही उचलावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषण व कल्याणाचा 2007 चा अधिनियम आमची मुले परीक्षेपुरता वाचत असत. कलम 17 नुसार या कायद्याखालचे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे वकील देता येत नाही, एवढे त्यांना पाठ असे. केरळ आणि दिल्ली येथील उच्च न्यायालयांनी ही मनाई मान्य केलेली नाही. तरीही वकिलाचा खर्च न झेपणारे वृद्ध एकटेच उभे राहतात आणि म्हणून त्यांना स्वतःचे म्हणणे मांडता येईल अशी तयारी करून देणे हेही वकिलाचेच काम आहे, हे आपण विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवलेत.

मुलासोबत बक्षीसपत्र करायला आलेल्या आजी मला विसरता येत नाहीत. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मुलगाच देत होता. आपण त्याला आदराने बाहेर बसायला सांगितलेत, आवाज करणारा पंखा बंद करवलात, आजींना नीट ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला खुर्ची ओढलीत आणि विचारलेत, "घर त्याच्या नावावर झाल्यावर तुम्ही राहणार कुठे?" आजी बराच वेळ गप्प राहिल्या. शेजारचा विद्यार्थी बोलू लागताच आपण त्याला हातानेच थांबवलेत. मग आजी म्हणाल्या, "इथंच, माझ्या खोलीत. पण तसं कागदावर लिहाल का?"

त्यानंतर आपण कलम 23 शिकवलेत, ते कोणत्याही तासाला शिकवता आले नसते. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास परत मिळवता येते. मात्र अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा उदार अर्थ लावला, तरी न्यायालयाच्या उदारतेवर विसंबून दस्त लिहू नये, असा आपला आग्रह होता आणि तो मला पूर्णपणे पटतो. महाराष्ट्रात राहते घर मुलांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये असल्याने माणसे घाईने सही करतात. मृत्युपत्र मात्र हयातीत केव्हाही बदलता येते, त्याला नोंदणीची सक्ती नाही आणि दोन साक्षीदार पुरतात, हे आपण आजींना सावकाश समजावलेत. मसुदा मोठ्या अक्षरांत छापून, मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, हा दंडकही आपलाच.

यंदापासून केंद्राच्या मुलाखत-नोंदीत 'पक्षकार एकटे असताना काय म्हणाले' हा स्वतंत्र रकाना घातला असून, तो भरल्याशिवाय कोणताही मसुदा माझ्याकडे येत नाही. त्यासाठी आपले मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
समन्वयक, विधी साहाय्य केंद्र