जिन्यातली ट्रंक

गावभाग, सांगली

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

घर ठीक आहे. तुळशीला पाणी घालतेय. बाबांचे पेपर गठ्ठा करून ठेवलेत, आल्यावर वाचा. दादाकडे आईच्या गुडघ्यांना पुण्याची हवा मानवतेय ना?

परवा मी खालच्या काकांशी भांडायला गेले होते. पहाटे पाचला स्कूटरची फटफट, जिन्यात ती अगडबंब ट्रंक, वर दोन पोती. अंधारात अंगठा ठेचला आणि डोकंच फिरलं. तडक जाऊन दार वाजवलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग एक शब्द न बोलता आतल्या खोलीतलं कपाट थोडं पुढे ओढलं. मागच्या भिंतीवर पेन्सिलीची रेघ. टाचा उंचावल्या तेव्हा माझं बोट तिथवर पोचलं. शेजारी फक्त '२०१९'. नंतर सगळ्या खोलीला रंग दिला, पण ही पट्टी तशीच सोडलीय.

त्या ऑगस्टमध्ये तुम्ही दादाकडे होतात. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलं. आपण ते टीव्हीवर बघितलं. काकांनी अंथरुणाला खिळलेल्या आईला बोटीत घातलं. घराची कागदपत्रं, काकूंचं शिलाई मशीन, सगळं चिखलात गेलं. म्हणून आता जून लागला की ट्रंक जिन्यात चढते. आणि पहाटे ते पुलावर जातात, पाणी किती चढलं ते बघायला. मोबाईलवर आकडा येतो, पण त्यांना स्वतःच्या डोळ्यांनीच बघायचं असतं. पावसाळा सरला की फटफट बंद होते, हे आपल्यापैकी कुणाच्या कधी लक्षातही आलं नाही!

आई, सिलिंडर वर चढवून द्या म्हणायला तू गेलीस आणि "आत्ता नाही" म्हणून त्यांनी दार लावलं, तो दिवस आठवतो? त्या दिवाळीला तू फराळाचं ताट पाठवलं नाहीस. फोनवर मीही तुझीच री ओढली, माणूसच तसला म्हणून. मी त्या दिवसाचं विचारलं. पाणी ४० फुटांकडे निघालं होतं, म्हातारीला विश्रामबागेत बहिणीकडे हलवायची त्यांची गडबड चालली होती.

गंमत म्हणजे हे मी कॉलेजात शिकलेय. प्रिन्स्टनमधला डार्ली आणि बॅटसन यांचा १९७३ चा प्रयोग. धर्मोपदेशक व्हायला निघालेली मुलं, भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत चाललेली. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. उशीर झालाय असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यातले १० टक्के थांबले. हाताशी वेळ होता त्यांच्यातले ६३. काही जणांना तर वाटसरूला मदत करणाऱ्या भल्या माणसाच्या गोष्टीवरच बोलायचं होतं! बाबा, तुमचं 'स्वभावाला औषध नाही' तिथे लागू पडलं नसतं. घाईनंच सगळा फरक पडला होता. परीक्षेत हे मी पानभर लिहिलं होतं. तुझा फोन आला तेव्हा एक ओळ आठवली नाही.

काका गोड आहेत असं मात्र नाही हं. एवढं दाखवलं, पण बसा म्हणाले नाहीत.

बाबा, ट्रंकेबद्दल सोसायटीला लिहिलेला तुमचा अर्ज टेबलाच्या खणात सापडला. मी दिलेला नाही. आल्यावर काय ते तुम्हीच ठरवा. जिन्यात एक बल्ब तेवढा लावून घेतलाय.

दादासाठी भडंग पाठवतेय.

तुमची,
धाकटी