मक्याला पट्टा नको, चौकोन द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य

विषय : परसबागेतल्या स्वीट कॉर्नसाठी कुंपणालगतच्या पट्ट्याऐवजी तेवढ्याच क्षेत्रफळाचा चौकोनी वाफा मिळण्याबाबत

महोदय,

गेल्या सभेचं इतिवृत्त वाचलं. 'मक्याचं बियाणं निकृष्ट होतं, सबब पुढील हंगामात मका लावू नये' असा निष्कर्ष त्यात नोंदवला आहे. बियाण्याची बाजू मांडायला सभेत कुणी नव्हतं, म्हणून हे पत्र.

ती कणसं मीही पाहिली. एका अंगाला टपोरे दाणे, दुसऱ्या अंगाला नुसत्या पांढऱ्या खाचा आणि शेंडा पार बोडका. पण बियाणं खराब असतं तर मुळात उगवण कमी झाली असती, ताटं खुरटली असती. ताटं तर पुरुषभर उंच झाली होती आणि पानं हिरवीगार होती. खोट आहे ती वाफ्याच्या आकारात.

मक्याच्या एकाच ताटावर नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या जागी येतात. शेंड्याला फुटणारा तुरा नर, तर खाली पानाच्या बेचक्यात धरणारं कणीस मादी. कणसाच्या टोकाला जे केस लोंबतात, त्यांतला प्रत्येक केस आतल्या एकेका दाण्याच्या जागेला जोडलेला असतो. केसावर परागकण पडला तर तिथे दाणा भरतो, नाही तर जागा रिकामी राहते. म्हणजे कणसात चार-पाचशे दाणे हवे असतील तर तितक्या केसांना आपापला परागकण मिळायला हवा. हे काम वारा करतो. मधमाश्या तुऱ्यावर पराग गोळा करायला येतात खऱ्या, पण केसांकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत, कारण तिथे त्यांना काही मिळत नाही.

मक्याचा पराग इतर गवतांच्या मानाने मोठा आणि जड असतो, त्यामुळे बहुतेक सगळा थोड्याच मीटरच्या आत खाली बसतो. आपला पट्टा ३० सेंटीमीटर रुंद आणि ३० मीटर लांब, त्यात एकच ओळ. वारा ओळीला आडवा वाहिला की एका तुऱ्याचा लाखो कणांचा पराग एक तर भिंतीवर जातो किंवा पार्किंगमधल्या गाड्यांवर. (गाड्यांवरच्या पिवळ्या भुकटीची तक्रार त्याच इतिवृत्तात चौथ्या क्रमांकावर आहे. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, हे समितीच्या लक्षात आणून देतो.)

याच ९ चौरस मीटरचा ३ बाय ३ मीटरचा चौकोन केला तर त्यात ६० सेंटीमीटर अंतरावर पाच ओळी बसतात आणि ओळीत २५ सेंटीमीटरवर एक याप्रमाणे बारा ताटं, म्हणजे एकूण ६०. पट्ट्यात १२० मावत होती, तेव्हा संख्या निम्म्यावर येईल, हे मान्य. पण वारा कुठूनही आला तरी एकाचा पराग शेजारच्याच्या केसांवर पडेल. काठावरच्या ताटांना थोडा तोटा होईल, आतली कणसं मात्र शेंड्यापर्यंत भरतील. एका ताटावर एक चांगलं कणीस धरून चाला. दुसरं आलंच तर लहान असतं. मला विचाराल तर १२० अर्धवट कणसांपेक्षा ६० भरलेली केव्हाही बरी.

हातानं परागीकरण करता येतं, हेही कुणीतरी सुचवलं होतं. येतं. सकाळी दव सुकलं की तुरा कागदी पिशवीत झटकायचा आणि जमलेली भुकटी केसांवर शिंपडायची. तुरा आठवडाभर पराग सोडतो, नवे केसही रोज बाहेर येत राहतात, त्यामुळे हे ओळीने काही सकाळी करावं लागतं. गॅलरीतल्या आठ-दहा कुंड्यांसाठी हा उद्योग ठीक आहे, मीही तिथे तोच सल्ला देईन. ३० मीटरच्या पट्ट्यासाठी रोज कोण उठणार, ते समितीनेच सांगावं.

जागा सुचवायची तर पंपहाऊसच्या मागचा मोकळा कोपरा सुचवेन. कुंपणालगत भिंतीमुळे अर्धा दिवस सावली असते आणि मक्याला किमान सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. त्या कोपऱ्यातून इतरांच्या भाजीच्या वाफ्यांवर मक्याची सावलीही पडणार नाही.

आता थोडी नाजूक गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाला गच्चीवर पॉपकॉर्नचा मका लावायचा आहे. लावावा, माझा विरोध नाही, पण सगळ्यांनी एकाच वेळी लावू नये. मक्यात परक्या परागाचा परिणाम त्याच हंगामात, त्याच दाण्यात दिसतो. पॉपकॉर्नचा पराग गोड मक्याच्या केसावर पडला की तो दाणा गोड न होता पिठूळ होतो. त्यांच्या पॉपकॉर्नचं आमच्यामुळे फारसं बिघडणार नाही, आमचं मात्र बिघडेल. गोड मक्यातही प्रकार आहेत. जुने साधे गोड वाण वेगळे आणि 'सुपर स्वीट' वेगळे. सुपर स्वीटमधला गोडवा ज्या जनुकामुळे येतो, त्याचा भाजीसाठी उपयोग होईल हे इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं. या दोन गोड प्रकारांचा एकमेकांशी संकर झाला तर दोन्हीकडे पिठूळ दाणे येतात. गोड अधिक गोड बरोबर पिठूळ, असं हे विचित्र गणित आहे. तेव्हा चौकोनात सगळ्यांनी मिळून एकच वाण लावावा आणि गच्चीवरची पेरणी दोन आठवडे पुढेमागे करावी. अंतर ठेवून भागवायचं तर ७५ मीटर तरी लागतात आणि तेवढं लांब आपलं आवारच नाही.

सुपर स्वीटचं बी सुरकुतलेलं दिसतं. त्यात पिष्ट कमी म्हणून ते तसं असतं, ते खराब समजून परत करू नये. त्याला अंकुरायला ऊबही जास्त लागते. माती १८ अंशांच्या खाली असेल तर ते कुजतं. बी अडीच सेंटीमीटर खोल टोकावं आणि उगवणीनंतर आठवड्याभरात नांगे, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, भरून घ्यावेत. उशिरा भरलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीत मागेच राहतं. रंगीत बी औषध लावलेलं असतं, ते मुलांच्या हाती देऊ नये.

पाण्याची चिंता खजिनदारांनी बोलून दाखवली होती. आठवड्याला २.५ सेंटीमीटर पाणी धरलं तर ९ चौरस मीटरला साधारण २२५ लिटर होतात. कडक उन्हात थोडं जास्त. तुरा आणि केस येण्याच्या काळात मात्र एकही पाळी चुकवून चालणार नाही. त्या आठवड्यांत माळीकाकांनी सकाळी वरून फवारा मारू नये, पाणी बुंध्याशी सोडावं. सकाळचीच वेळ पराग सुटण्याची असते. खताला मका हावरा आहे. लावणीआधी भरपूर कंपोस्ट, गुडघाभर झाल्यावर नत्राचा हप्ता देऊन मातीची भर, आणि तुरा दिसू लागला की आणखी एक हप्ता. कंपोस्ट आपल्याच खड्ड्यातलं पुरेल. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, अळी दिसली तर आम्ही हातानं वेचू. आवाराची नेहमीची डासांची फवारणी तेवढी या कोपऱ्यात करू नये.

तोडणीवरून भांडणं होतात, म्हणून तेही आधीच लिहून ठेवतो. केस निघाल्यापासून साधारण १८ ते २२ दिवसांनी कणीस तयार होतं. केस तपकिरी होऊन सुकतात आणि टोक हाताला भरलेलं लागतं. पानं सोलून आत डोकावण्याची सवय कृपया सोडावी, तिथून किडे आणि पाखरं शिरतात. शंका असेल तर एकच कणीस थोडं उघडून दाण्याला नख लावावं. पाणी निघालं तर कोवळं, दुधासारखा चीक निघाला तर तोडायला तयार, पीठ लागलं तर वेळ गेली. सगळी कणसं आठवड्याभरात एकदमच तयार होतील. टप्प्याटप्प्यानं लावण्याची सूचना येईल, पण एवढ्या लहान चौकोनाचे तुकडे केले तर पुन्हा परागीकरणाचंच नुकसान, म्हणून माझं मत एकाच पेरणीचं आहे. वाटप तोडल्या दिवशीच व्हावं. साध्या गोड वाणांतली साखर तोडल्याबरोबर पिष्टात बदलू लागते. सुपर स्वीट काही दिवस तग धरतो.

समितीने मका न लावण्याचा निर्णय तूर्त स्थगित ठेवावा आणि पंपहाऊसमागच्या कोपऱ्याला एका हंगामापुरती मंजुरी द्यावी, ही विनंती. कुंपणालगतचा पट्टा पालेभाजीला द्यावा, तिला वाऱ्याशी देणंघेणं नाही. आखणीच्या दिवशी मला निरोप द्यावा. दोरी, खुंट्या आणि मोजपट्टी माझ्याकडे आहे.

आपला,
बी विंगमधील एक रहिवासी