मातीच्या त्या पिशवीबद्दल, तळमजल्यावरच्या काकूंना

काकू,

समोर आलात की मला हे बोलता येत नाही. परवा जिन्यात तुम्ही नुसतं 'भुरी कशी आहे गं?' विचारलंत आणि माझा गळा दाटून आला. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय.

आई गेल्यावर तिचं घर रिकामं करावं लागलं. कपाटं, भांडी, पुस्तकं वाटली गेली. मागे राहिली भुरी, आईची मांजर. सहा वर्षं अंगणात वाढलेली, बंद दार ठाऊक नसलेली. तिला मी पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणलं. अकरा दिवस ती पलंगाखालून बाहेर आली ती फक्त पहाटे, दाराशी बसून ओरडायला. ते ओरडणं रागाचं नव्हतं. कुणाला तरी बोलावत असल्यासारखं होतं, आणि तेच ऐकवत नव्हतं. ट्रेमधल्या वाळूला तिने पाय लावला नाही. एक तर गादीवर करायची, नाहीतर तासन् तास रोखून धरायची. तिचं ताठरलेलं पोट पाहून माझ्या पोटात गोळा यायचा.

मी मदत मागितली नाही असं नाही. एका दवाखान्यात दोन मिनिटांत गुंगीच्या गोळ्या लिहून दिल्या. ती टेबलावर थरथरत होती, पण तिच्या पाठीवर कुणी हात ठेवला नाही. मांजरं वाचवण्याचं काम करणाऱ्या एकांनी फोनवर सांगितलं, आणलीत तिथेच सोडून या. तिथे आता कुणी राहत नाही हे मी दोनदा सांगितलं, तरी तेच. नातेवाइकांचं एकच पालुपद होतं: 'कुत्रं माणसाला धरून असतं, मांजर घराला. ती रमायची नाही.' खिडक्यांना जाळी लावायचं म्हटलं तर एकाने न्यूयॉर्कचा १९८७ सालचा अभ्यास ऐकवला. इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं, आणि उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के वाचली, मग जाळीवर खर्च कशाला? यावर तुम्ही नंतर जे म्हणालात ते माझ्या डोक्यातून जात नाही. 'ती दवाखान्यापर्यंत पोचलेली मांजरं. जी खालीच संपली त्यांना कोण मोजणार?'

तुम्ही पहिल्यांदा वर आलात तेव्हा मला वाटलं, आवाजाची तक्रार घेऊन आलात. मी दार उघडतानाच माफी मागायला लागले. तुम्ही काही न बोलता आत आलात आणि पलंगाकडे पाठ करून फरशीवर बसलात. गुडघे दुखत असताना, चांगला तासभर. भुरीला हाक नाही, वाकून बघणं नाही. बोलता बोलता मी तेच घराचं वाक्य म्हटलं आणि रडले. तुम्ही जरा विचार केलात. 'खरंच आहे की ते. मांजर घराला धरून असतं. मग थोडं घर इकडे आणू या.' आणि विचारलंत, अंगणात ती कुठे जायची? हा प्रश्न तोवर मला कुणीच विचारला नव्हता. खरं तर मलाही तो सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही दारात उभ्या होतात. हातात कापडी पिशवी, तिच्यात आईच्या घराच्या मागच्या भिंतीलगतची माती. दोन बस बदलून गेला होतात. नखांत माती होती, पदराला कुसळं चिकटली होती. ट्रेमध्ये माती ओतलीत, म्हणालात 'आता तिला एकटं सोड', आणि पाणीसुद्धा न घेता खाली गेलात.

संध्याकाळी पलंगाखालून आधी नाक आलं. मग ती सगळीच आली, पोट जमिनीला घासत. ट्रेच्या कडेशी थांबून तिने तोंड किंचित उघडं ठेवून कितीतरी वेळ वास घेतला. (मांजराच्या टाळूत वासासाठी एक वेगळं इंद्रिय असतं, हे मला तुमच्याकडूनच कळलं.) मातीत एक वाळकं पान होतं, ते पंजाने बाजूला सारलं. खड्डा उकरला, बसली, नीट बुजवलं. मी दाराआड तोंडावर हात दाबून उभी होते. आई गेल्यापासून तशी मी रडले नव्हते.

पुढचं सगळं तुम्ही शिकवलंत तसंच झालं. दर आठवड्याला माती कमी आणि वाळू जास्त, जाळी, खिडकीशी उंच फळी, झोपण्याआधी दोरीमागे पळापळ आणि मग खाणं. तिच्याकडे बघून सावकाश डोळे मिटायचे आणि उघडायचे, हेही. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी तपासून पाहिलं, माणसाने असं केलं की मांजरंही डोळे मिटून उत्तर देतात. भुरीने तेविसाव्या दिवशी दिलं. मी लगेच तुम्हाला फोन केला, आठवतं?

काकू, तुम्ही एकदाही 'मांजरच तर आहे' म्हणाला नाहीत. माझ्या रडण्यालाही नाही. शिकलेली, नावाजलेली माणसं दोन मिनिटं द्यायला तयार नव्हती, आणि जिच्याशी माझी जिन्यातली तोंडओळख होती ती बाई उन्हात दुसऱ्याच्या अंगणात माती उकरत बसली. अशी माणसं आपल्या खालच्याच मजल्यावर राहत असतात आणि आपल्याला पत्ता नसतो.

ट्रेला आता मातीची गरज उरली नाही. उरलेली दोन ओंजळी मी कुंडीत घातली आणि त्यात गवत पेरलं. भुरी रोज सकाळी ते कुरतडते आणि कुंडीच्या काठावर हनुवटी टेकून झोपते. तुमची पिशवी माझ्याकडेच आहे. धुऊन परत द्यायची म्हणते, पण तळाशी अजून थोडी माती आहे.

तुमची,
पाचव्या मजल्यावरची