जुनी ‘सुहेली’, नवी ‘म्हादेई’

महोदय,

शिडाच्या नौकांची तुलना करताना नुसता वेग पाहणं पुरेसं नाही. मुंबईत सागवानात बांधलेल्या 32 फुटी ‘सुहेली’तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांना 1968-69 मध्ये एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायला 312 दिवस लागले. गोव्यात बांधलेल्या 56 फुटी ‘म्हादेई’तून अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये ती पाच महिन्यांत केली. पाण्यातली लांबी वाढली की वेगाची मर्यादा वाढतेच. त्यात नवल नाही.

फरक दुरुस्तीत आहे. सागवानी नौकेचे सांधे हलतात, पाणी झिरपतं. पण ते दिसतं. नॉक्स-जॉन्स्टन यांनी भर समुद्रात बुडी मारून सांध्यात कापूस ठासला, वर तांब्याची पट्टी ठोकली. ‘म्हादेई’सारखी लाकडी गाभ्यावर फायबरग्लास चढवलेली नौका कोरडी राहते, मात्र डेकवरच्या एखाद्या बोल्टभोवतीचं सीलंट सुटलं तर आत गाभा गुपचूप कुजतो. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून पाहावं: टणक आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे ओल. जुनी फायबर नौका घेणाऱ्याने रंगापेक्षा याकडे आणि डोलकाठीच्या तारांकडे आधी पाहावं. तारेचा एक जरी पदर तुटलेला दिसला, तरी ती तार बदलावी.

– एक वाचक, अलिबाग