कायद्याला तारीख लावा, श्रीपादभाऊ

प्रति,
माननीय श्री. श्रीपाद नाईक,
केंद्रीय राज्यमंत्री व खासदार, उत्तर गोवा

श्रीपादभाऊ, सप्रेम नमस्कार.

मी म्हापशाचा वकील. कोर्टातला माझा बहुतेक वेळ कूळ-मुंडकार, वाटण्या आणि कोमुनिदादच्या जमिनींच्या भानगडींत जातो. दहशतवादाचा एकही खटला मी चालवलेला नाही, त्यामुळे कुणा अशिलासाठी हे पत्र लिहितो आहे असा संशय नको. गृहमंत्र्यांना सोडून तुम्हालाच का, तर १९९९ पासून तुम्ही सलग लोकसभेत आहात. २००२ चा पोटा म्हणजे दहशतवाद प्रतिबंधक कायदा, २००४ मध्ये तो रद्द होणे, २००८ मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात म्हणजे यूएपीएत झालेली दुरुस्ती, २०१९ ची पुढची दुरुस्ती आणि २०२३ ची भारतीय न्याय संहिता, या प्रत्येक वेळी तुम्ही सभागृहाचे सदस्य होता. गोव्यातून हे सगळे आतून पाहिलेले दुसरे कुणी नाही.

मागणी एकच आहे. यूएपीएतल्या दहशतवादविरोधी तरतुदींना मुदत घाला.

पोटाच्या वेळचा २६ मार्च २००२ चा दिवस तुम्हाला आठवत असेल. राज्यसभेने विधेयक आधीच फेटाळले होते, म्हणून वाजपेयी सरकारने दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावली. स्वतंत्र भारतात अशी बैठक त्याआधी दोनदाच झाली होती, १९६१ मध्ये हुंड्याच्या कायद्यासाठी आणि १९७८ मध्ये बँकांच्या नोकरभरतीच्या आयोगावरून. दिवसभर वादावादी झाली आणि ४२५ विरुद्ध २९६ मतांनी पोटा मंजूर झाला. संसदेवरच्या हल्ल्याला तेव्हा साडेतीन महिनेही झाले नव्हते. एवढा ताप चढलेला असतानाही त्या कायद्यात एक शहाणपणाचे कलम होते: तीन वर्षांनी कायदा आपोआप संपेल. हवा असेल तर सरकारने पुन्हा संसदेपुढे यावे आणि कारण सांगावे.

त्याआधीच्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्यालाही दोन वर्षांची मुदत होती. दर दोन वर्षांनी सरकारला ती वाढवून घ्यावी लागे, आणि सरकारने ती वाढवून घेतलीही. पण १९९५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांनी सर्व खासदारांना पत्र लिहिले की आता पुढे वाढ देऊ नका. त्या मे महिन्यात टाडा संपला. कायदा रद्द करा म्हणून कुणाला विधेयक आणावे लागले नाही, की सरकारला आपली चूक झाली असे तोंडाने म्हणावे लागले नाही. तारीख आली, कायदा गेला. खासदारांना पत्रे लिहून काय होते, असे मला परवाच बार रूममध्ये एकाने विचारले. त्याला मी हेच सांगितले.

ही तारीख पुसली कुणी? तुमच्या पक्षाने नाही, हे लिहायला मला संकोच नाही. २००४ मध्ये मनमोहन सिंग सरकारने पोटा रद्द केला, त्याबद्दल पाठ थोपटून घेतली, आणि त्याच झटक्यात पोटातले दहशतवादाचे प्रकरण १९६७ च्या यूएपीएत नेऊन बसवले. यूएपीए हा कायमचा कायदा. म्हणजे पाहुणा घरात राहायला आला आणि जाण्याची तारीख तेवढी गायब झाली. जामिनाचे कडक कलम तेव्हा वगळले होते, ते २००८ मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यानंतर परत आले. १६ डिसेंबरला विधेयक मांडले, १७ ला लोकसभेत मंजूर, १८ ला राज्यसभेत. मुंबईतले रक्त सुकले नव्हते, त्या आठवड्यात विरोधात कोण बोलणार? मला त्या घाईचाही फारसा राग नाही. घाईत केलेला कायदा पुढे निवांतपणे कुणी उघडून पाहिलाच नाही, राग त्याचा आहे.

२०१९ मध्ये तर घाईचे कारणही नव्हते. २४ जुलैला लोकसभेत २८७ विरुद्ध ८ अशा मतांनी दुरुस्ती मंजूर झाली. काँग्रेसवाले मतदानाआधी बाहेर पडले होते. (बाहेर पडणे ही सोयीची गोष्ट. नोंद विरोधाची होत नाही आणि पाठिंब्याचीही नाही.) २ ऑगस्टला राज्यसभेने १४७ विरुद्ध ४२ मतांनी होकार दिला. विधेयक प्रवर समितीकडे पाठवा ही मागणी फेटाळली गेली. या दुरुस्तीमुळे संघटनेप्रमाणे एकट्या माणसालाही केंद्र सरकार अधिसूचना काढून दहशतवादी ठरवू शकते. सप्टेंबरात पहिली चार नावे आली ती मसूद अझर, हाफिज सईद, लखवी आणि दाऊद यांची. त्यांच्याबद्दल कुणाला हळहळ वाटणार? पण कायद्याचे मोजमाप पहिल्या चार नावांवरून घेता येत नाही. या यादीत नाव घालायला न्यायालयाचा निकाल लागत नाही आणि नाव काढून घ्यायचे तर अर्ज पहिल्यांदा त्याच सरकारकडे करायचा. त्यावर फेरविचार समिती आहे, तीही सरकारनेच नेमलेली.

राजकारणातल्या माणसाला याचे वेगळे सांगायला नको. तमिळनाडूतले एमडीएमकेचे नेते वायको तुमच्या आघाडीतले, पोटाला त्यांनी संसदेत पाठिंबा दिला होता. तीन-चार महिन्यांत जयललितांच्या सरकारने एका भाषणावरून त्यांना त्याच पोटाखाली उचलले आणि दीड वर्षाहून अधिक काळ ते वेल्लोरच्या तुरुंगात राहिले. कायदा दिल्लीत मंजूर होतो, वापरायला तो कुणाच्याही हाती पडतो.

आता आपल्या गोव्याकडे येतो. १६ ऑक्टोबर २००९ ची रात्र मडगावकर विसरलेले नाहीत. नरकासुराची रात्र. वाड्यावाड्यावर पोरे महिनाभर खपून बांधलेले नरकासुर मिरवायला काढतात, बांबूच्या सांगाड्यावर गवत, कागद, रंग, वर मुकुट आणि पाठीमागे कानठळ्या बसवणारा स्पीकर. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीच्या मडगावात स्कूटरवरून नेत असलेला बॉम्ब फुटला आणि तो नेणारे दोघे मेले. त्याच रात्री सांकवाळला नरकासुर स्पर्धेला निघालेल्या मुलांच्या ट्रकमध्ये दुसरा बॉम्ब सापडला. तो फुटला असता तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. २००८ च्या त्याच तीन दिवसांत जन्मलेली ही यंत्रणा, आणि हा तिच्या सुरुवातीच्या खटल्यांपैकी एक. यूएपीए लावला. म्हणजे नवी यंत्रणा, नवा कायदा, सगळी हत्यारे हाताशी. २०१३ च्या अखेरीस विशेष न्यायालयाने सहाही आरोपींना निर्दोष सोडले आणि २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ती सुटका कायम केली.

या निकालाचा अर्थ आपल्याकडे प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावला. कुणी म्हणाले सुटले कसे, कुणी म्हणाले गोवले होते. मी निकाल मान्य करतो, तोच माझा धंदा आहे. पण हिशेब मांडून पाहा. आरोपी निर्दोष असतील तर त्यांच्या आयुष्याचे जे झाले ते झाले. आणि मडगावच्या लोकांना, सांकवाळच्या त्या ट्रकमधल्या मुलांना, यामागे आणखी कोण होते याचे न्यायालयात टिकणारे उत्तर आजवर मिळालेले नाही. देशातला सर्वांत कडक कायदा लावूनही दोन्हीकडचे हात रिकामे. या खटल्यात कायद्याचे कुठले कलम उपयोगी पडले आणि कुठले कुचकामी ठरले, हे संसदेने कधी विचारले का? विचारायचा प्रसंगच येत नाही, कारण तारीख नाही.

जामिनाचे कलम नेमके कसे चालते ते सांगतो, कारण सभागृहातल्या भाषणांत ते येत नाही. साध्या गुन्ह्यात जामिनाचा अर्ज आला की न्यायाधीश पाहतात: माणूस पळेल का, साक्षीदारांना दमदाटी करेल का, पुरावा नाहीसा करेल का. सरकारी वकील एक बोलतात, आम्ही दुसरे बोलतो, आणि दुपारच्या जेवणाआधी निकाल लागतो. यूएपीएच्या कलम ४३ड(५) मध्ये हे सगळे बाजूला राहते. आरोपपत्र आणि केस डायरी वाचून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाकारलाच पाहिजे. २०१९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या टप्प्यावर पुराव्याची बारकाईने छाननी करायची नाही. आता आरोपपत्र लिहितात कोण? पोलीस. ते वाचून प्रथमदर्शनी खोटे वाटावे इतके कच्चे आरोपपत्र मी तरी फार पाहिलेले नाही. आमच्या साध्या मारामारीच्या प्रकरणांतली आरोपपत्रेसुद्धा वाचायला झकास असतात. त्यात आरोपपत्रासाठी नव्वदऐवजी १८० दिवसांपर्यंत वेळ मिळू शकतो.

२०२१ च्या फेब्रुवारीत केरळातला एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ आत होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. खटला वाजवी वेळात संपण्याची शक्यता नसेल तर घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे तेव्हा न्यायालयाने म्हटले. चांगले झाले. पण म्हणजे आधी पाच वर्षे बसा, मग उच्च न्यायालयाचा वकील परवडत असेल तर दाद मागा. संसदेने करायचे काम न्यायालय एकेका माणसापुरते करते आहे.

आकडेही सरकारचेच आहेत. गृहमंत्रालयाने संसदेला दिलेल्या माहितीनुसार २०१८ ते २०२० या तीन वर्षांत यूएपीएखाली ४,६९० जणांना अटक झाली आणि त्याच काळात १४९ जणांना शिक्षा झाली. यातली मेख मला कळते. शिक्षा झालेले १४९ जण बहुधा आधीच्या वर्षांत पकडलेले असणार, तेव्हा सरळ भागाकार करून टक्केवारी काढणे बरोबर नाही. पण मग बरोबर हिशेब कुठे आहे? एका वर्षी पकडलेल्यांपैकी किती सुटले, किती अजून आत आहेत, सुटलेल्यांनी सरासरी किती महिने आत काढले, हा तक्ता सरकारने दरवर्षी सभागृहाच्या पटलावर ठेवायला काय हरकत आहे? ब्रिटनने १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या स्फोटांनंतर आठ दिवसांत असाच कायदा केला होता, पण त्याला सहा महिन्यांची मुदत ठेवली आणि पुढे वर्षानुवर्षे संसदेपुढे येऊन ती वाढवून घेतली. आजही तिथे दहशतवादविरोधी कायद्यांची पाहणी करणारा स्वतंत्र परीक्षक आहे आणि त्याचा अहवाल संसदेपुढे जातो. त्यामुळे त्यांची पोलीस दले लुळी पडली असे कुणी म्हणत नाही.

तुम्हाला कुणी सांगेल, देशाच्या सुरक्षेला एक्स्पायरी कसली? मुंबई हल्ल्यासाठी टेहळणी करणारा हेडली हणजूणला येऊन ज्यूंच्या केंद्राची टेहळणी करून गेला, पहलगामला २६ माणसे मारली, आणि हा वकील मुदतीच्या गोष्टी करतो. माझे त्याला उत्तर असे की मुदत संपली म्हणजे कायदा संपलाच पाहिजे असे नाही. गरज असेल तर पाच मिनिटांत वाढवा, बहुमत तुमच्याकडे आहे. रासुकाचे म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना देतानासुद्धा एका वेळी तीन महिन्यांची मर्यादा पाळावी लागते. त्यामुळे रासुका दुबळा झाला का?

उलट २०२३ मध्ये आणखी एक गाठ बसली. न्याय संहितेच्या कलम ११३ मध्ये दहशतवादी कृत्याची व्याख्या यूएपीएवरूनच घेतली आहे आणि गुन्हा यूएपीएखाली नोंदवायचा की संहितेखाली, हे पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी ठरवतो. कशावरून ठरवायचे, ते कलमात नाही. ही संहिता मंजूर झाली तेव्हा त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित होते.

आपल्या राज्यात हा विषय परका वाटू नये. पणजीत ज्या अठरा जून रस्त्यावर आपण गाडी लावायला जागा शोधतो, त्या तारखेला १९४६ मध्ये लोहियांनी मडगावात मागितले होते ते नागरी स्वातंत्र्य, विनापरवाना चार माणसांनी जमून बोलायची मोकळीक. आणि मोहन रानडे आठवा. मराठीचे मास्तर म्हणून गोव्यात आले, आझाद गोमंतक दलात गेले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यानंतर पकडले गेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, रानडे सुटले १९६९ मध्ये. ज्या राज्यकर्त्यांनी शिक्षा दिली ते इथून जाऊन सात वर्षे झाली तरी त्यांचा कायदा लिस्बनकडे चालूच होता. कायद्याला आपण होऊन थांबायची सवय नसते.

तुम्ही मंत्री आहात, त्यामुळे खासगी विधेयक तुम्हाला मांडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. व्हिपचेही ठाऊक आहे. पण मंत्री या नात्याने गृहमंत्रालयाला पत्र लिहिता येते आणि पक्षाच्या बैठकीत विषय काढता येतो. दक्षिण गोव्याच्या आणि राज्यसभेतल्या आपल्या खासदारांना या पत्राची प्रत पाठवतो आहे; ते दोघेही मंत्री नाहीत, पक्ष वेगवेगळे आहेत, आणि खासगी विधेयकांचा वार शुक्रवारच. म्हापशाच्या माणसाला शुक्रवार बाजाराचा म्हणून पाठ, तेव्हा लक्षात राहील.

दुरुस्तीचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे, जेमतेम दीड पान. चौथ्या प्रकरणाला, ४३ड(५) ला आणि व्यक्तींच्या यादीला पाच वर्षांची मुदत, मुदतवाढ दोन्ही सभागृहांच्या ठरावानेच, आणि त्याआधी वर म्हटलेला तक्ता पटलावर. न्याय संहितेच्या कलम ११३ लाही तेच. भाषा वकिली आहे, सुधारून घ्यावी. येत्या आठवड्यात तुमच्या पणजीच्या कार्यालयात आणून देतो. तुम्ही गोव्यात असाल तो दिवस कळवला तर स्वतः भेटून समजावूनही सांगेन, अर्धा तास पुरे.

आपला,
उत्तर गोव्यातला एक मतदार
म्हापसा, बार्देश