शेंगदाण्यातले विष रानातच अडवा

महोदय,

शेंगा काढल्या की आमच्याकडे वेल उलटे करून, शेंगा वर येतील असे वाळत घालतात. मग अंगणात बसून दाणे निवडायचे. सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशी धरलेले बाजूला काढायचे. पण बाजूला काढलेले दाणे टाकून कोणी देत नाही. ते घाण्यावर जातात, पेंड होऊन गाईम्हशींपुढे येतात आणि त्यातल्या विषाचा अंश दुधात उतरतो. या विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन. यकृताच्या कर्करोगाला ते कारण ठरते. खवट दाणा आपण थुंकून तरी टाकतो. याला ना चव, ना वास, आणि भाजल्यानेही ते पुरते जात नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली होती.

नीट वाळवायला हवेच. पण शेवटच्या दिवसांत पिकाला पाण्याचा ताण बसला की बुरशी रानातच शेंगेत शिरते. तिथेच तिला अडवण्याचा उपाय नायजेरियातल्या इबादानच्या आंतरराष्ट्रीय कृषी संस्थेने अमेरिकी शास्त्रज्ञांच्या साथीने शेतकऱ्यांपर्यंत नेला. ‘अफ्लासेफ’ त्याचे नाव. हे विष तयार करते ती अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी; पण तिचे काही प्रकार विष तयारच करत नाहीत. ते तिथल्याच मातीतून शोधून ज्वारीच्या दाण्यांवर चढवतात. दाणे उगवू नयेत म्हणून आधी भाजून घेतलेले असतात. पीक फुलावर येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, जमिनीत ओल असताना, हेक्टरी १० किलो फोकायचे. निर्विष बुरशी ज्वारीवर पोसते, आधी जागा धरते, मग विषारी बुरशीला थारा मिळत नाही. तिथल्या शेतांत विष ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले आहे. आणि हे सारे ज्वारीच्या दाण्यावर! आम्हा ज्वारीवाल्यांना हे वाचून चैन कशी पडावी?

बुरशीने बुरशी आवरणे आपल्याला नवे नाही. बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळूनच आम्ही पेरतो. जेएल-२४ सारखा भुईमुगाचा वाण देणाऱ्या जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने माण-खटावच्या, धुळ्याच्या मातीतली निर्विष बुरशी शोधून आमच्या रानांत तिच्या चाचण्या घ्याव्यात. बाहेरून आणू नये, आपल्याच मातीतली हवी. तोवर निदान तालुक्याच्या बाजार समितीत दाण्याची आणि पेंडीची तपासणी करून मिळावी. माझ्या पोत्यात किती विष आहे हे आज मला कळत नाही, आणि घरची पेंड खाणाऱ्या गाईचे दूध माझी नात रोज पिते.

– एक शेतकरी, ता. माण, जि. सातारा